तेलाच्या पट्टीवरची बेकायदा खूण

जगातल्या सगळ्या भांडणांचं मूळ एकच, चुकीचं माप. आणि माणसानं प्रत्येक गोष्ट नीट मोजून घेतली, तर पृथ्वीवर कोर्टकचेऱ्या, सासुरवास आणि युद्धं यांपैकी काहीही शिल्लक राहणार नाही. हा सिद्धांत मापसाहेबांनी मांडला त्या क्षणी ते एका जुन्या ट्रकखाली उताणे पडले होते, आणि सिद्धांताच्या शेवटाला तोंड जरा जास्त उघडलं गेल्यामुळे इंजिनाच्या बुडाचा एक काळा थेंब नेमका आत गेला. पुढचं विवेचन थुंकण्यात गेलं. बाहेरून त्यांचे फक्त दोन पाय दिसत होते, आणि नुसत्या दोन पायांकडे बघून तत्त्वज्ञान पटवून घेणं कोणालाही जडच जातं.

"काय म्हणालात?" बायकोनं दारातून विचारलं.

"काही नाही. साबण दे."

मापसाहेब हे नाव त्यांना बाजारानं दिलं होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी हयात काढली. त्यांच्या शिक्क्याशिवायचं वजन गल्ल्यावर दिसलं की दुकानदाराची सुटका नसे. दुकानात शिरताना त्यांचं एकच वाक्य असे, "आधी तराजू सपाटीवर ठेवा, मग बोला." निवृत्तीनंतर मोजायला घर उरलं. दूधवाल्यानं माप बघून हाय खाल्ली, शिंपी दार लावून घेऊ लागला, आणि बायकोनं एक दिवस शांतपणे सांगितलं, "चहात साखर किती हे मी मनानं ठरवते. माझं मन जप्त करायचं असेल तर करा."

ट्रक थोरल्या भावाचा. त्यांना सगळी गल्ली दादा म्हणे. दादांनी तो ट्रक जन्मभर चालवला आणि मग त्यांची नजर गेली. अगदी पुरती गेली नाही, समोर कोणी उभं आहे एवढं कळे. ते माणूस आहे की कपाट, हे ते बोलल्यावर ठरे. आता आठवड्यातून एकदोनदा गॅरेजचा मिस्त्री येऊन ट्रक न्यायचा, बाजाराचा माल पोचवायचा, आणि दादा त्याच्या शेजारी बसून त्याला रस्ता सांगायचे. "आता डावीकडे खड्डा येईल," असं ते सांगत आणि तो येई. एकदा आला नाही, तेव्हा खड्डा बुजवल्याबद्दल त्यांनी दिवसभर पालिकेला शिव्या दिल्या होत्या.

तेलाचं खातं मात्र दादांचंच. रोज सकाळी अंघोळीआधी ते भिंतीला हात लावत ट्रकपाशी यायचे, बॉनेट उचलायचे, तेल मोजायची पट्टी ओढून फडक्यानं पुसायचे, पुन्हा बुडवायचे आणि अंगठ्याचं नख पट्टीवरून हळूहळू खाली न्यायचे. एका जागी नख थांबे. मग बोटानं तिथलं तेल चाचपून ते जाहीर करायचे, "ठीक आहे," किंवा "पेलाभर कमी आहे." ही घोषणा समोरच्या घरापर्यंत ऐकू जाई. दादांना हळू बोलता येत नसे. आयुष्य इंजिनाशेजारी काढलेल्या माणसाचा आवाज इंजिन बंद झाल्यावरही उतरत नाही.

मिस्त्रीला त्या पट्टीला हात लावायची परवानगी नव्हती.

हे असं पिढ्यान् पिढ्या चाललं असतं. पण ट्रकच्या वार्षिक तपासणीची तारीख आली, आणि मापसाहेबांनी या कामी लक्ष घालायचं ठरवलं. एखाद्या कामात त्यांनी लक्ष घातलं की घरातली इतर माणसं त्यातून अंग काढून घेत. दादा न्हाव्याकडे गेल्याचं बघून मापसाहेबांनी पट्टी ओढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ते हबकलेच.

पट्टीवर कारखान्याच्या दोन रेघा होत्या, खालची किमान तेलाची आणि वरची कमाल. झिजून पार अस्पष्ट झालेल्या, डोळ्याला जेमतेम दिसतील अशा. तेल होतं किमान रेघेच्याही खाली! आणि त्याच्याही पुढचा प्रकार म्हणजे, जिथवर तेल होतं तिथे कोणीतरी पट्टीवर आडवी खाच पाडली होती. ओबडधोबड, वाकडी, कसलाही शिक्का नसलेली.

खाजगी खूण! मापावर! त्यांच्याच घरात!

नोकरीत असते तर त्यांनी पंचनामा केला असता. आता त्यांनी पॉलिश पेपर आणला आणि ती खाच घासघासून नामशेष केली. मग बायकोच्या नेलपॉलिशची बाटली, जी तिनं कुठल्याशा लग्नापुरती घेतली होती, ती आणून कारखान्याच्या दोन्ही रेघा लालभडक रंगवल्या. कमाल रेघेपर्यंत तेल ओतलं. पट्टी उन्हात धरली तेव्हा एखाद्या नव्या नवरीचं बोट दिसावं तशी ती दिसत होती. कायद्याचं राज्य आलं, असं वाटून त्यांनी समाधानानं बॉनेट लावलं.

आणि ट्रक आजारी पडला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गाडी चालू केली तेव्हा मागून जो निळा ढग निघाला, तो गल्लीच्या उताराला लागून सरळ लाँड्रीवाल्याच्या अंगणात उतरला. तिथे दोरीवर पांढरेशुभ्र शर्ट वाळत होते. लाँड्रीवाले धावत वर आले.

"मापसाहेब, हा धूर कसला?"

"निळसर दिसतो," मापसाहेब म्हणाले.

"निळसर? अहो, शर्टांना नीळ मी देतो की तुम्ही? मला निळ्यातला निळा कळतो. हा जळक्या तेलाचा निळा आहे!"

एवढ्यात शेजारचे कंपाउंडर आले. डॉक्टरांच्या हाताखाली बाटल्या भरताभरता त्यांना जग हे एक मोठं दुखणं आहे असं वाटू लागलं होतं. त्यांनी सायलेन्सरपाशी वाकून धूर हुंगला, डोळे मिटले, आणि ते म्हणाले, "काळा असता तर डिझेल. पांढरा असता तर पाणी. निळा म्हणजे तेल आत शिरून जळतंय. आणि खालून गळतंय ते वेगळं. उलटी आणि जुलाब एकदमच म्हणा ना!"

"मग उपाय?"

"आधी निदान. लघवीचा नमुना असतो तसा गळतीचा नमुना घ्या."

मिस्त्रीनं तोवर निदान करून टाकलं होतं. त्याचं निदान कोणत्याही गाडीला एकच असे. "इंजिन खोलावं लागेल," तो म्हणाला. हॉर्न वाजत नसला तरी तो हेच म्हणायचा. आजूबाजूची बरीचशी इंजिनं त्यानं खोलली होती; त्यातली काही पुन्हा लागलीही होती.

दादा पायरीवर बसून हे ऐकत होते. एरवी अशा वेळी त्यांनी सगळ्यांचे बाप काढून, तेलाचा धूर डासांना कसा चांगला असतो यावर भाषण ठोकलं असतं. इंजिनाबद्दल त्यांची बरीच मतं होती आणि त्यातली बहुतेक चुकीची होती. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत.

याचं कारण त्या सकाळी घडलं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दादांनी नेहमीसारखी पट्टी काढली, पुसली, बुडवली. नख वरून खाली नेलं. ते कुठे थांबलंच नाही. त्यांनी बोट शर्टाला पुसलं आणि पुन्हा नेलं. नख सरळ टोकापर्यंत घसरत गेलं. त्यांनी अंगठा तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली, डाव्या हाताच्या नखानं करून पाहिलं, पट्टी परत घातली. "ठीक आहे," ते म्हणाले. समोरच्या घरापर्यंत काही ऐकू गेलं नाही.

मापसाहेबांना हे कुठून दिसणार? ते मोजण्यात गढले होते. त्यांनी ट्रकखाली एक लांबरुंद पत्र्याचा ट्रे सरकवला, त्यात गळलेलं तेल गोळा करायचं आणि मापाच्या पेल्यात ओतून बघायचं. रोज सकाळी पट्टी बघत. तेल लाल रेघेखाली गेलेलं असे. ते रेघेपर्यंत पुन्हा ओतत. ट्रक प्यायचा, धूर सोडायचा, गाळायचा, आणि दुसऱ्या दिवशी तहानलेलाच. दारू सोडवायला गेलेल्या माणसानंच रोज बाटली आणून द्यावी, तसं चाललं होतं; फक्त हे कोणाला कळत नव्हतं.

कंपाउंडरांनी मग पावडरचा प्रयोग सुचवला. इंजिन रॉकेलनं स्वच्छ धुवायचं, कोरडं झालं की अंगाला लावायची पावडर त्याच्यावर भुरभुरायची आणि गाडी चालू करायची. जिथून तेल पाझरतं तिथे पावडर काळी पडते. कल्पना उत्तम होती. बायकोचा पावडरचा नवा डबा त्यासाठी कामी आला. फक्त इंजिनाला समोर पंखा असतो, आणि चालू केल्यावर तो फिरतो, हा मुद्दा निदान करणाऱ्यांच्या ध्यानात राहिला नाही. बॉनेटमधून पांढरं वादळ उठलं. वादळ ओसरलं तेव्हा मापसाहेब आणि कंपाउंडर पिठाच्या गिरणीतून हाकलून दिल्यासारखे उभे होते आणि इंजिन जसंच्या तसं काळं होतं.

"छान," बायको म्हणाली. "आता गळतंय कुठून ते कळलं नाही, पण तुम्हाला घामोळं येणार नाही."

तपासणी कार्यालयातला प्रकारही सांगण्यासारखा आहे. मापसाहेब मुदतवाढ मागायला गेले. खिडकीमागच्या कारकुनानं सांगितलं की मुदतवाढीसाठी ट्रक हजर करावा लागेल. ट्रक हजर करता येत नाही म्हणूनच मुदतवाढ हवी, असं मापसाहेबांनी सांगितलं. कारकून म्हणाला, बरोबर आहे, पण तो हजर करण्यालायक नाही हे बघायला तो हजर नको का? या युक्तिवादात मापसाहेबांना स्वतःच्या तरुणपणाची छबी दिसली आणि ते अस्वस्थ झाले.

"बरं, किती गळती चालते?" त्यांनी विचारलं.

"गळती नसावी."

"म्हणजे थेंबसुद्धा?"

"एखादा थेंब कोण बघतो? धार नको."

"थेंब कुठे संपतो आणि धार कुठे सुरू होते? माप काय त्याचं?"

कारकुनानं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "साहेब, नजरेनं," तो म्हणाला.

मापसाहेब बाहेर आले ते घाव बसल्यासारखे. सरकारी कामकाज, आणि नजरेनं! घरी येईपर्यंत ते हेच पुटपुटत होते. घरी पायरीवर दादा बसले होते. आज सकाळी ते ट्रककडे गेले नव्हते. कालही नव्हते.

"मी काय म्हणतो," दादा म्हणाले, "भंगारवाल्याला बोलाव."

"कशाला?"

"ट्रक देऊन टाकू."

मापसाहेब त्यांच्याशेजारी टेकले. "अरे, होईल दुरुस्त. निदान चालू आहे."

"तुमचं निदान तुम्हीच करा. मला काही कळत नाही आता त्यातलं." दादांनी अंगठा दुसऱ्या तळव्यावर घासला. "डोळे गेले तेव्हा म्हटलं, जाऊ दे, हात आहेत. आता तेही..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं, आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडले, "चहा झाला का गं?"

बायकोनं कप आणून त्यांच्या हातात नीट बसवून दिला. पूर्वी कधी अशी वेळ आली नव्हती. वाफेच्या अंदाजानं ते आपला कप आपण उचलायचे. आत आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही ट्रकचा धूर मोजताय. जरा माणूस बघा. आज दारातून आत येताना त्यांनी चौकट तीनतीनदा चाचपली."

भावाचं काहीतरी कमी होत होतं, आणि ते किती, कुठून, कसं, हे सांगणारं माप मापसाहेबांच्या पेटीत नव्हतं. असं क्वचित होई. झालं की ते दुसरं काहीतरी मोजायला घ्यायचे.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते ट्रेकडे वळले. ट्रेमध्ये एक चमत्कार होता. सगळं तेल मागच्या कडेला साचायचं आणि तिथून ओघळून लाँड्रीच्या दिशेनं निघायचं. पुढची बाजू कोरडीठाक. मापसाहेबांना पत्रेवाल्याचा राग आला. ट्रे वाकडा! त्यांनी जुनी पेटी उघडून आपली पाणसळ काढली, ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची, जी त्यांनी शेकडो तराजूंखाली ठेवली होती. पत्रेवाल्याला दाखवायला पुरावा हवा.

पाणसळ ट्रेवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

"बघा!" ते लाँड्रीवाल्यांना म्हणाले. लाँड्रीवाले आज करपट वासाचा एक शर्ट पुरावा म्हणून घेऊन आले होते. "वाकडा ट्रे!"

"मग ती जमिनीवर ठेवून बघा की," लाँड्रीवाले म्हणाले.

जमिनीवर ठेवली. बुडबुडा त्याच टोकाला. ट्रकच्या चौकटीवर ठेवली. बुडबुडा हलायचं नाव घेईना. मापसाहेब मागे सरकून गल्लीकडे बघत राहिले. वर त्यांचं घर, खाली लाँड्री, आणि मधे उताराला, चाकामागे दगड लावून, तोंड चढाकडे करून उभा असलेला ट्रक. याच उतारावरून ते लहानपणी टायर फिरवत धावले होते. याच उतारावरून लाँड्रीवाल्याच्या अंगणात धूर, तेल आणि पावडर गेली होती. जो उतार गल्लीतल्या प्रत्येक चेंडूला ठाऊक होता, तो एकट्या वजनमापे निरीक्षकाला ठाऊक नव्हता.

"काय झालं?" लाँड्रीवाल्यांनी विचारलं.

"तराजू," मापसाहेब हळूच म्हणाले, "सपाटीवर नाही."

तेल मागे सरकणार. आणि पट्टी असते इंजिनाच्या पुढच्या बाजूला. म्हणजे पट्टीवर तेल कमी दिसणार, असतं त्याहून कितीतरी कमी. आणि ते रोज वर ओतत होते; ते जास्तीचंच तेल जळत आणि गळत होतं.

मिस्त्रीला बोलावलं. दगड काढून ट्रक उताराच्या तळाशी, लाँड्रीसमोरच्या सपाट जागेवर आणला. पट्टी काढली, तर तेल लाल रेघ ओलांडून वर, इतकं वर, की पट्टीला रेघ होती हे सांगावं लागलं असतं. मिस्त्रीनं खालचा नट सैल करून जास्तीचं तेल सोडलं. डबे कमी पडले. लाँड्रीवाल्यांनी दोन बादल्या दिल्या आणि प्रत्येक बादलीबरोबर एकेक वाक्य ऐकवलं. तेल बरोबर रेघेवर आल्यावर गाडी चालू केली. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, पातळ झाला, आणि थोड्या वेळानं म्हातारा माणूस सुस्कारा टाकतो तेवढाच उरला. खाली एक थेंब जमला, विचार करत लोंबकळला आणि पडला.

"म्हणजे हा गळायचाच," कंपाउंडर म्हणाले.

"जुना आहे," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही नाही गळत?" आणि अगदीच राहवेना म्हणून त्यानं जोडलं, "तरी एकदा इंजिन खोलून..."

"नाही!" तिघंही ओरडले.

मापसाहेब मात्र पट्टी हातात धरून उभे होते. किमान रेघेच्या खाली जिथे ती खाच होती, तिथे आता नुसतं चकचकीत लोखंड होतं. त्यांना एकेक करून सगळं उलगडत गेलं: खाच, नख, आणि चहाचा कप हातात बसवून द्यावा लागणं. शेवटचं उलगडलं तेव्हा ते चढ चढून घराकडे निघाले, आणि तो चढ आहे हे त्यांना त्या दिवशी गुडघ्यांनीही सांगितलं.

दादा पायरीवर होते.

"दादा, पट्टीवर एक खाच होती ना?"

"होती म्हणजे?" दादांची मान वळली.

"मी घासून टाकली. पॉलिश पेपरनं. तू न्हाव्याकडे गेला होतास तेव्हा."

दादांनी अंगठ्याचं नख पायरीच्या कडेवरून फिरवून बघितलं. मग त्यांचा आवाज परत आला, पूर्वीच्या सगळ्या ताकदीनिशी. "गाढवा! अरे गाढवा! मला वाटलं माझं बोट मेलं! रात्रभर उशीची शिवण चाचपत होतो मी, कळते की नाही म्हणून!" समोरच्या घराची खिडकी उघडली. "आणि हा साहेब! शिक्के मारत फिरला जन्मभर!"

मापसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. इतकं मन लावून त्यांनी कोणाचं कधी ऐकलं नव्हतं. शिव्यांचा भर ओसरल्यावर त्यांनी आदरानं विचारलं, "उताराचा हिशेब तू केला होतास तरी कसा?"

"कसला हिशेब?"

"खाच बरोबर जागी होती म्हणून विचारतो."

"अरे, पक्कड निसटली होती एकदा, तेव्हा पडली ती. मग नख तिथेच अडकायचं, म्हणून तिथवर तेल ठेवायला लागलो. गाडीनं कधी तक्रार केली नाही." दादा हसले. "उतार आहे होय रे इथे?"

संध्याकाळच्या आत ट्रक पुन्हा चढावर आपल्या जागी आला, चाकामागे दगड लागला. इंजिन निवेपर्यंत मापसाहेब वाट बघत उभे राहिले. मग पट्टी बुडवून तेल जिथवर आलं तिथे त्यांनी बारीक कानस धरली. खात्याच्या कोणत्याही नियमात न बसणारी खूण ते स्वतः पाडत होते, आणि कोणत्याही सरकारी शिक्क्यासाठी त्यांनी इतका वेळ घेतला नव्हता. खाच झाली. ती सरळ होती. त्यांनी विचार केला आणि जराशी वाकडी केली.

दादा भिंतीला हात लावत आले. लाँड्रीवाले, कंपाउंडर, मिस्त्री, बायको, सगळे बाजूला उभे राहिले. दादांनी पट्टी पुसली, बुडवली, अंगठ्याचं नख टेकवलं आणि खाली नेऊ लागले. नख सरकलं, सरकलं, आणि थांबलं.

दादा तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मापसाहेबांनी घसा साफ केला. अशा प्रसंगी भाऊ भावाला काय म्हणतो याची त्यांनी मनात थोडी तयारी केली होती आणि डोळे पुसायला फडकंही हाताशी ठेवलं होतं.

"ठीक आहे!" दादा गर्जले. समोरची खिडकी पुन्हा उघडली. मग धाकट्या भावाच्या दिशेनं दोन्ही पंजे पुढे करून ते म्हणाले, "नखं फार वाढलीत रे. जरा कापून दे. अंगठ्याचं तेवढं राहू दे."